अल्-बिरुनी : बाहेरून पाहणारा पंडित



आपल्या अंकात संतांवर, शिवरायांवर, टिळक-आगरकरांवर लेख येतात आणि ते यावेतच. या वेळी आम्ही जरा वेगळ्या माणसाची ओळख करून देणार आहोत. शाळेत इतिहासाच्या तासाला त्याचे नाव आपण ऐकलेले आहे. बहुतेकांना 'महमूद गझनवीच्या काळात आलेला अरब प्रवासी' एवढेच आठवत असेल. पण तो अरब नव्हता, आणि हौसेने निघालेला प्रवासी तर नव्हताच.

हा विषय निवडण्याचे कारण असे. येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत इस्लामी जगातले विज्ञान शिकवतात आणि घरी सोमनाथाची गोष्ट सांगतात. मग एखादे चौकस पोर विचारते, "बाबा, खरे काय?" खरे दोन्ही आहे, आणि ते एकाच शहरात, एकाच वेळी घडलेले आहे. इ.स. १०२६ मध्ये सोमनाथ फोडणारा महमूद गझनीत राज्य करत होता, आणि त्याच गझनीत एक मुसलमान विद्वान गीता, सांख्य आणि पतंजली समजून घेत बसला होता. मुलांना उत्तर द्यायचे तर या माणसाची नीट ओळख हवी.

जन्म आणि परवड

अबू रैहान मुहम्मद बिन अहमद अल्-बिरुनी याचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिझम प्रांतातील काथ या गावी झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. तेथील एका शहराला आता त्याचेच नाव दिलेले आहे. फारसीत 'बिरून' म्हणजे बाहेर. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, म्हणून 'बिरुनी', असा या नावाचा अर्थ सहसा लावतात. परमुलखात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना हे आडनाव जवळचे वाटायला हरकत नाही.

त्याचा गुरू अबू नस्र मन्सूर हा राजघराण्यातला गणिती होता. वयाच्या सतराव्या वर्षी बिरुनीने सूर्याची उंची मोजून काथचे अक्षांश काढले. तो बावीस वर्षांचा असताना, ९९५ मध्ये, राज्य पालटले आणि त्याला घर सोडून पळावे लागले. पुढे काही वर्षे तो कास्पियन समुद्राजवळील गुरगानच्या राजाकडे होता. तेथे इ.स. १००० च्या सुमारास त्याने निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांवर मोठा ग्रंथ लिहिला. ज्यू, ख्रिस्ती, पारशी, अरब, ख्वारिझमी अशा सर्वांचे सण आणि वर्षे त्यात शेजारी शेजारी मांडली आहेत. नंतर तो मायदेशी परतला. पण १०१७ मध्ये महमूदाने ख्वारिझम जिंकले आणि तेथील विद्वानांना गझनीला नेले. त्यांत चव्वेचाळीस वर्षांचा बिरुनीही होता. म्हणजे ज्या सुलतानाने आपली देवळे फोडली, त्यानेच बिरुनीचेही घर मोडले होते. हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

आणखी एक गोष्ट आपल्या मराठी शाळेच्या पालकांसाठी. बिरुनीची मातृभाषा ख्वारिझमी होती. ग्रंथ मात्र त्याने जवळजवळ सगळे अरबीत लिहिले. आपल्या मातृभाषेत शास्त्र लिहिणे म्हणजे पन्हाळीवर उंट चढवण्यासारखे विचित्र दिसेल, असे त्याने विनोदाने म्हटले आहे. ख्वारिझमची जुनी लिपी वाचणारे आणि तिथल्या परंपरा जाणणारे लोक आठव्या शतकातल्या अरब स्वारीत मारले गेले, ही नोंदही त्यानेच केली आहे. ती भाषा पुढे काही शतकांत बोलण्यातून नाहीशी झाली. हजार वर्षांपूर्वीच्या एका थोर शास्त्रज्ञाच्या आईची भाषा आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही. आपली मराठी शाळा कशासाठी, असे कोणी विचारले तर हे उदाहरण सांगता येईल.

मोजणारा माणूस

आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे बिरुनी आवडतो तो आधी त्याच्या मोजमापांसाठी.

२४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. बिरुनीने ते काथमध्ये पाहिले आणि आधी ठरवून बगदादच्या अबुल-वफा या ज्योतिर्विदाने ते तेथून पाहिले. ग्रहण एकाच क्षणी लागते, पण दोन गावांतली स्थानिक वेळ निराळी असते. त्या फरकावरून दोघांनी दोन गावांच्या रेखांशांतले अंतर काढले. रविवारी सकाळी आईला फोन लावून "तिकडे किती वाजले?" असे विचारतो, तेव्हा आपणही याच हिशेबात असतो.

तरुणपणी त्याने इब्न सिना या आपल्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या तत्त्वज्ञाला अठरा प्रश्न पाठवले होते. त्यांतला एक असा : बर्फ पाण्यावर का तरंगतो? दुसरा असा : थंडीने वस्तू आकसतात तर पाणी गोठताना बाटली का फुटते? याचे खरे उत्तर पाण्याच्या रेणूंच्या रचनेत आहे आणि ते सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. गोठताना ते रेणू जरा ऐसपैस बसतात आणि पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बिरुनीजवळ उत्तर नव्हते, पण ॲरिस्टॉटलच्या पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा बाटली काय सांगते याला त्याने महत्त्व दिले.

धातू आणि रत्नांची घनता मोजण्यासाठी त्याने एक भांडे तयार केले. खाली पसरट, वर निमुळते, अरुंद गळ्याचे आणि बाजूला पाणी बाहेर काढणारी नळी. भांडे काठोकाठ भरायचे, तोललेला तुकडा आत सोडायचा आणि नळीतून सांडलेले पाणी तोलायचे. गळा अरुंद ठेवला की थोडे पाणी चढले तरी लगेच कळते. कल्पना आर्किमिडीजची, पण तिचे रोजच्या वापराचे उपकरण केले ते बिरुनीने. त्याचे आकडे आजच्या पद्धतीने मांडले तर शिसे ११.४ येते, आज आपण ११.३ धरतो. लोखंड ७.८, आजचे ७.९. पारा १३.७, आजचा १३.६. सोने १९.३, आजचेही तेवढेच. तेव्हा कारखान्यात तयार झालेले तराजू नव्हते की शुद्ध धातू विकत मिळत नव्हते. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही या आकड्यांपुढे हात जोडावेसे वाटतील.

या सगळ्यामागे व्यवहार होता. सराफाला खरा माणिक आणि रंगीत काच यांतला फरक कळायला हवा. रत्नांवर त्याने लिहिलेल्या ग्रंथात एक गंमत आहे. पाचू दिसला की सापाचे डोळे वितळतात, असा तेव्हा समज होता आणि तो मोठमोठ्या ग्रंथांत लिहिलेला होता. बिरुनीने सापाच्या अंगावर पाचूचा हार घातला, त्याच्याखाली पाचू पसरले, समोर हार हलवून पाहिला आणि हे नऊ महिने, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, चालू ठेवले. सापाची दृष्टी होती तशीच राहिली! हलक्या धातूपासून सोने करण्याच्या विद्येवरही त्याचा विश्वास नव्हता.

डोंगरावरून पृथ्वी

आता त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग. पृथ्वीचा घेर मोजण्यासाठी त्याच्या दोनशे वर्षे आधी बगदादच्या खलिफाने माणसांच्या तुकड्या वाळवंटात पाठवल्या होत्या. त्यांनी उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाला किती मैल पडतात ते मोजले. बिरुनीजवळ ना खलिफाचा पैसा, ना माणसे. पण पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत, नंदना नावाचा किल्ला आहे. तेथे त्याला हवे ते सापडले : एक डोंगर आणि त्याच्यासमोर दूरवर पसरलेले सपाट मैदान.

त्याने आधी मैदानातून दोन ठिकाणांहून कोन मोजून डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसते ते मोजले. तो कोन ३४ कला आला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. पृथ्वी सपाट असती तर क्षितिज असे खाली झुकले नसते. उंची आणि हा कोन मिळाला की त्रिकोणमितीने त्रिज्या निघते. येथे हायस्कूलला असलेल्या मुलांना हे गणित जरूर द्या, पाच मिनिटांत सुटेल. बिरुनीचे उत्तर एका अंशाला जवळजवळ ५६ अरबी मैल आले, आणि खलिफाच्या माणसांचेही तेवढेच होते.

त्याचे उत्तर आजच्या मापापासून अगदी थोडेच चुकले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. त्याबाबत थोडा सबुरीने विचार करावा असे आम्हाला वाटते. एक म्हणजे त्याचा 'हात' नेमका किती लांब होता यावर सगळे अवलंबून आहे. दुसरे म्हणजे ३४ कलांत एका कलेची चूक झाली तरी त्रिज्या सुमारे ६ टक्क्यांनी बदलते. तिसरे म्हणजे हवेतून येणारा प्रकाश किंचित वाकतो आणि क्षितिज जरा वर उचललेले दिसते. त्याचे मोठेपण शेवटच्या दशांशात शोधू नये. एक माणूस, एक कोनमापक आणि एक डोंगर एवढ्या सामग्रीवर पृथ्वी मोजता येते, हे त्याने करून दाखवले. यात सगळे आले.

आपल्याकडे पाहणारा

गझनीत आल्यावर त्याने संस्कृत शिकायला घेतले, चाळिशी उलटल्यावर! तो पंजाबात लाहोर, मुलतान, सियालकोट, पेशावर या भागांत हिंडला. त्यापलीकडे गेला नाही, हेही त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. संस्कृतबद्दल त्याने केलेल्या तक्रारी आपल्यातल्या दहावीला संस्कृत घेतलेल्यांना पटतील. एका वस्तूला अनेक शब्द आणि एका शब्दाला अनेक अर्थ. शास्त्रसुद्धा श्लोकात घातलेले. लेखनिक निष्काळजी, दोन-तीन नकलांत मूळ ग्रंथ ओळखू येत नाही. आणि उच्चार असे, की एखादा शब्द पंडिताकडून ऐकून काळजीपूर्वक लिहावा आणि त्यालाच परत वाचून दाखवावा, तर त्याला तो ओळखता येत नाही. येथे आपल्या नावांचे काय होते ते आठवून पाहा.

या अभ्यासातून सुमारे १०३० मध्ये 'किताब-अल्-हिंद' हा ऐंशी प्रकरणांचा ग्रंथ तयार झाला. हिंदूंबद्दलची मुसलमानांची पुस्तके एकमेकांवरून उतरवलेली आणि ऐकीव आहेत, विरोधकाचे मत मोडतोड करून मांडणे हा खोटेपणा आहे, असे एका ज्येष्ठ मित्राशी बोलताना निघाले आणि त्यातून हे काम त्याने हाती घेतले. आपला ग्रंथ वाद घालण्यासाठी नाही, हिंदू काय म्हणतात ते त्यांच्याच ग्रंथांतून सांगावे आणि ग्रीकांशी ताडून पाहावे, असे त्याचे धोरण. गीता, विष्णुपुराण, ब्रह्मगुप्त, वराहमिहिर यांचे उतारे त्यात ठिकठिकाणी आहेत. सांख्यावरचा एक ग्रंथ आणि पतंजलीचे योगशास्त्र त्याने अरबीत आणले. उलट दिशेने युक्लिडची भूमिती पंडितांसाठी संस्कृतात नेण्याचा उद्योगही चालवला होता.

मूर्तिपूजेबद्दल तो काय म्हणतो पाहा. हिंदूंतले विचारवंत एकच ईश्वर मानतात. सामान्य माणसाला डोळ्यांपुढे काहीतरी दिसायला हवे असते. आणि हे सर्व धर्मांत सारखेच आहे, भाबड्या मुसलमानापुढे मक्केचे चित्र ठेवले तर तोही त्याचे चुंबन घेईल. महमूदाच्या राजधानीत बसून हे लिहिले आहे, हे विसरू नये. त्याच ग्रंथात त्याने लिहिले, की महमूदाच्या स्वाऱ्यांनी त्या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली, लोक धुळीच्या कणांसारखे उधळले गेले, त्यांच्या मनात द्वेष बसला आणि त्यांची शास्त्रे काश्मीर, बनारस अशा दूरच्या ठिकाणी निघून गेली. लगतच सुलतानासाठी देवाची दयाही मागितली आहे. तो काळ आणि तो दरबार पाहता दुसरे काय करणार? पण सोमनाथाच्या लिंगाचा एक तुकडा गझनीच्या मशिदीच्या दाराशी पडलेला आहे, ही नोंद त्याने वगळलेली नाही.

आपल्याला न आवडणारेही त्याने पुष्कळ लिहिले आहे. आमच्यासारखा देश नाही, आमच्यासारखी विद्या नाही, अशी हिंदूंची ठाम समजूत आहे. परक्या देशातल्या विद्वानाचे नाव काढले तर सांगणाऱ्यालाच खोटे ठरवतात. हे लोक बाहेर हिंडले, चार लोकांत मिसळले तर त्यांचे मत बदलेल, असे तो म्हणतो. लगेच पुढे सांगतो, की यांचे पूर्वज असे नव्हते. त्यासाठी तो वराहमिहिराची साक्ष काढतो : यवन अशुद्ध मानले जात असले तरी शास्त्र जाणतात म्हणून त्यांना मान द्यावा. ग्रहणाचे खरे कारण ठाऊक असूनही ब्रह्मगुप्ताने राहूची कथा उचलून धरली याबद्दल तो त्याला फटकारतो आणि सॉक्रेटिसाचे जे झाले त्याची भीती वाटली असावी, अशी समजुतीची पुस्तीही जोडतो. जातिभेदावर टीका करताना जुन्या इराणातही अशाच पायऱ्या होत्या याची आठवण करून देतो.

आम्हाला त्याचे सगळेच पटते असे नाही. तो पंजाबात थोड्या पंडितांशी बोलला आणि त्यावरून साऱ्या देशाबद्दल बोलला. जिंकणाऱ्यांच्या गोटातून आलेल्या माणसाशी कोण मोकळेपणाने बोलणार? पण ही अडचणही त्याला दिसत होती, आणि पहिल्याच प्रकरणात त्याने ती मांडली आहे.

कोकण आणि शरभ

या ग्रंथात आपला मुलूखही आहे बरे का! धारहून दक्षिणेला निघाले की महरट्ट-देश लागतो आणि तेथून २५ फर्सखांवर कोकण, त्याची राजधानी समुद्रकाठचे 'ताना', असे तो लिहितो. हे आपले ठाणे. तेव्हा तेथे शिलाहारांचे राज्य होते. पुढे लोक सांगतात म्हणून त्याने कोकणातल्या शरभ नावाच्या प्राण्याची गोष्ट दिली आहे. चार पाय खाली, चार पाठीवर, शिंगे अशी की हत्तीला फाडावे. ढग गडगडले की दुसरे जनावर डरकाळी फोडते आहे असे त्याला वाटते, मग ते डोंगराच्या सुळक्यावर चढून त्याच्या अंगावर झेप घेते आणि दरीत कोसळून मरते. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आपण पाहिले असतील. त्यांचे रूप थोडे निराळे आहे, पण नाव तेच.

कालगणनेत त्याने आपला शकही घेतला आहे. हिशेबासाठी धरलेले वर्ष त्याने शके ९५३, विक्रम संवत १०८८ असे दिले आहे. ९५३ मध्ये ७८ मिळवा, १०३१ येतील. स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयावर आजही हाच शक चालू आहे.

पुढे काय झाले

महमूद १०३० मध्ये वारला. त्याचा मुलगा मसूद याला बिरुनीने ज्योतिषशास्त्राचा आपला सर्वांत मोठा ग्रंथ अर्पण केला. त्याबद्दल आलेली हत्तीभर चांदी त्याने परत केली, अशी आख्यायिका आहे. १०५० च्या सुमारास गझनीतच त्याचे निधन झाले. अखेरच्या आजारपणात एक कायदेपंडित मित्र भेटायला आला, तेव्हा बिरुनीने त्याला वारसाहक्काचा एक अडलेला प्रश्न विचारला. "या अवस्थेत?" असे मित्र म्हणाला. न कळताच जग सोडण्यापेक्षा कळून सोडलेले बरे, असे उत्तर मिळाले. मित्राने उकल सांगितली, तो निघाला आणि रस्त्यावर पोहोचतो तो घरातून रडण्याचा आवाज आला.

त्याने शंभरावर ग्रंथ लिहिले, त्यांतले बहुतेक हरवले. इब्न सिनासारखा तो मध्ययुगात लॅटिनमध्ये गेला नाही, म्हणून युरोपला कित्येक शतके त्याचे नाव नीट ठाऊक नव्हते. बर्लिनचे प्राध्यापक एडुआर्ड साखाव यांनी किताब-अल्-हिंदची अरबी प्रत १८८७ मध्ये आणि इंग्रजी भाषांतर १८८८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा तो पुन्हा जगापुढे आला. १९७३ मध्ये त्याच्या जन्माला हजार वर्षे झाली, तेव्हा सोव्हिएत संघ, इराण आणि पाकिस्तान या तिघांनीही त्याच्यावर टपाल तिकिटे काढली. ज्याला एकेकाळी स्वतःच्या गावात राहता आले नाही, त्याच्यावर आता तीन देशांचा हक्क!

तर मुलांनी विचारले तर काय सांगावे? आमच्या मते दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एक झाकून दुसरी सांगू नये. महमूदाने देवळे फोडली हे सांगावे, आणि ते आपल्याला एका मुसलमान विद्वानाच्याच लेखणीतून कळते हेही सांगावे.

मोठ्यांसाठी मात्र प्रश्न वेगळा आहे. बाहेर हिंडलात तर मत बदलेल, असे बिरुनी म्हणाला होता. आपण तर साता समुद्रांपलीकडे आलो. पण वीस-वीस वर्षे राहूनही आपली शनिवार-रविवारची जेवणे एकमेकांच्याच घरी होतात. शेजारचा माणूस कोणत्या चर्चमध्ये किंवा मशिदीत जातो, तेथे काय वाचतो, काय मानतो, हे आपल्यापैकी किती जणांनी त्याच्याच तोंडून ऐकले आहे? पुढच्या अभ्यासमंडळात यावर बोलावे, अशी आमची सूचना आहे.

साखाव यांचे भाषांतर मोठ्या लायब्ररीत सहज मिळते. ऐंशी प्रकरणे पाहून घाबरू नका. पहिले प्रकरण स्वतः वाचा, आणि कोकणातल्या शरभाचे पान मुलांना रात्री झोपताना वाचून दाखवा.